पेकोसचं जड पाणी

१४ जून, शनिवार

आणि वर तोंड करून होलिस म्हणतो, पाण्यात दोष नाही, दोष माझ्यात आहे. आज मी शॉवरची चकतीच काढून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. निम्मी भोकं चुन्यानं बुजलेली. उरलेल्यांतून पाणी चारी दिशांना उडतं, अंग सोडून सगळं भिजतं. त्यानं ती दोन बोटांत धरून नाकाशी नेली, जसा काही मी नासका मासा आणलाय, आणि म्हणाला की याच पाण्यावर त्याच्या बापाच्या गाई जगल्या. मी म्हटलं, गाई साबण लावत नाहीत. तर म्हणे, "केंटकी, या पाण्यानं हाडं मजबूत होतात. तुमच्याकडं लोक त्याच्यासाठी पैसे मोजून गोळ्या खातात."

मी केंटकी राज्यातला, म्हणून सगळा तळ मला केंटकीच म्हणतो. लॉनी टॅकेट हे नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलंय.

तळ होलिसचा. म्हणजे काय, तर टेक्ससमधल्या पेकोसजवळच्या वाळवंटात ओळीनं उभे केलेले ट्रेलर, चाकांवरची घरं, ज्यांची चाकं वर्षानुवर्षं फिरलेली नाहीत. प्रत्येकात तेलाच्या विहिरींवर राबणारा एक बाप्या. प्रत्येकाला एक विजेचा खांब, एक मैल्याचा पाइप आणि एक नळ, आणि नळाला होलिसच्या बोअरचं पाणी. पेल्यात ओतलं की स्वच्छ दिसतं, वाळलं की पेल्याला पांढरी दाढी येते. साबणाला फेस नाही, टॉवेल खरवडतो, केसांची काथ्यासारखी गत. कॉफीवर तवंग.

माझं मी कसंही भागवीन. पण माझी पोरगी ओपल जेमतेम वर्षाची आहे. एप्रिलमध्ये माझी बायको रेना तिला घेऊन इथं आली ती कायमची राहायला म्हणून. आठवड्यात पोरीच्या कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यामागं लाल चट्टे उठले, खाजवून खाजवून रक्त काढलंन तिनं. रेना म्हणाली, हे पाणी, दुसरं काय. आणि पोरीला घेऊन केंटकीला माहेरी परत गेली. आता फोनवर म्हणते, पाण्याचं काय होतंय ते बघू, मग ठरवू. म्हणजे पाणी सुधारलं की येणार. सरळ गोष्ट आहे. ती येईस्तोवर मी या पाण्याला सोडणार नाही.

निघताना होलिसनं विचारलं, पोरगी बरी आहे का आता. दरवेळी विचारतो. याला काय करायच्यात चौकशा. पाणी दे म्हणावं चांगलं.

१७ जून, मंगळवार

खाऱ्या पाण्याच्या खड्ड्यावर ट्रकांची रांग लागलीय, माझ्यापुढं अकरा. तेलाबरोबर जमिनीतून जे खारं पाणी वर येतं ते मी दिवसभर टँकरनं वाहतो आणि दुसऱ्या विहिरीत परत जमिनीत ढकलतो. पहाटे निघायचं, अंधार पडता परतायचं. आठवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, पाणी भरशील. ते खरं ठरलं, फक्त त्यांना वाटलं नसेल की पाणी भरायचे इतके पैसे मिळतात. रांगेत फोन लागत नाही, म्हणून ही वही.

रविवारी राजमा शिजत घातला होता. आमच्या डोंगरात हाच खातात, राजमा, वर कांदा, सोबत मक्याचा पाव. सकाळी लावला, संध्याकाळपर्यंत उकळत होता, तरी दाताखाली कचकच. जड पाण्यात कडधान्य शिजत नाही हे आईनं सांगितलं असतं तर कळलं असतं, पण आमच्याकडं असं पाणीच नव्हतं. शेजारचा अल्सीड म्हणाला, बंदुकीत भर, सशाला मार.

एप्रिलमध्ये रेनानं पण एकदा लावला होता, असाच राहिला. मी काही बोललो नाही. मी तिला एकाही गोष्टीवरून बोललो नाही, हे इथं लिहून ठेवतो. दिवसभर घरात बसून असायची, एसी चालू, टीव्ही चालू. काही लागलं तर सांग म्हणायचो, कधी काही सांगितलं नाही. घरात वाहन एकच, माझा ट्रक, आणि तो मला कामावर न्यावाच लागतो, त्यामुळं दुकानात जाणं माझ्या सुट्टीच्या दिवशी. तिनं त्याचीही कुरकुर केली नाही. एकदा पोरीला जरा कणकण आली होती, मी घरी येईस्तोवर उतरलीसुद्धा. सगळं ठीक होतं. फक्त पाणी आडवं आलं.

२२ जून, रविवार

फोन झाला. मी तिला बोअरच्या पाण्याबद्दल बरंच सांगितलं, आता मला त्यातलं कळायला लागलंय. खाली सगळा जिप्समचा खडक आहे, पाणी तो विरघळवत वर येतं. ती ऐकत होती. मग विचारलंन, तळावर कुणी बाई राहायला आली का. मी म्हटलं, पलीकडच्या ओळीत एकाची बायको होती, गेली. मग म्हणाली, दुकान अजून तिथंच आहे का, अकरा मैलांवर. मी म्हटलं, दुकान कुठं जाणार. हसली. मी म्हटलं, पाणी मऊ करायचं यंत्र बघितलंय, ते लावलं की बस्स. ती म्हणाली, बरं.

२९ जून, रविवार

यंत्र घेतलं. एक पाइपलाइनवाला काम सोडून ओक्लाहोमाला चालला होता, त्याचं जुनं. गॅसच्या टाकीएवढं भांडं, आत बारीक मणी. नळाचं पाणी एकीकडून आत, मऊ होऊन दुसरीकडून बाहेर. मणी थकले की त्यांना मिठाचं पाणी पाजायचं, म्हणजे पुन्हा ताजे. साधं खायचं मीठ. इतकं सोपं आहे म्हणून सांगून तो हरामखोर निघून गेला.

त्यानं हे नाही सांगितलं की मीठ पाजताना ट्रेलरकडं जाणारी नळी काढून ठेवायची असते. तीन पुडे मीठ सगळं माझ्या टाकीत. दात घासताना कळलं. तोवर अल्सीडला कॉफी देऊन चुकलो होतो. त्यानं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाला की आमच्या लुइझियानात समुद्राचं पाणी प्यायला समुद्रावर जातात, तू घरी आणलंस.

अल्सीड पन्नाशीचा आहे. तळावर तो एकटाच असा की ज्याच्याकडं बसावंसं वाटतं. ॲसिडच्या गाडीवर काम करतो. मला पोरा म्हणतो, कारण त्याच्या म्हणण्यानं केंटकी हे नाव नसून पत्ता आहे.

दिवसभर मीठ वाहतो आणि सुट्टीच्या दिवशी मीठ धूत बसलो. टाकी चार वेळा भरून ओतली.

४ जुलै, शुक्रवार

आज देशाचा स्वातंत्र्यदिन, सणाची दुप्पट मजुरी, म्हणून कामावर. रान इतकं वाळलंय की फटाके बंद. रेनानं ओपलचा फोटो पाठवला, ओढ्याच्या काठी उभी आहे, हातात काकडी. लांब बाह्यांचा झगा. मी विचारलं, या उन्हात लांब बाह्या कशाला. म्हणाली, डास आहेत फार.

उभी राहायला लागली. कुणाचाही हात न धरता.

१३ जुलै, रविवार

यंत्र तीन दिवस चालतं, चौथ्या दिवशी पुन्हा पांढरी दाढी. मण्यांचा दोष नाही, पाणीच राक्षस आहे. तपासायची पट्टी आणली होती, डब्यावर रंगांचा तक्ता असतो, शेवटचा रंग म्हणजे अतिशय जड. माझी पट्टी त्याच्याही पुढं गेली. तो रंग तक्त्यातच नाही. होलिसला नेऊन दाखवली. म्हणाला, छान रंग आहे, दाराला असाच लावणार होतो.

आणि आता गीझर. चालू केला की आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज. तळाचं बूच काढलं तर पांढऱ्या खड्यांचा ढीग पडला, एक बादली भरेल इतका. व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी तेवढंच कोमट, तेवढ्याच लाह्या, वर सगळ्या ट्रेलरला लोणच्याचा वास.

१९ जुलै, शनिवार

येणार आहे. रेना येणार आहे. मी फार मागं लागलो, मान्य. म्हटलं, यंत्र आहे, गीझर आठवड्यात ठीक करतो, तू फक्त ये. पाठीमागं तिची आई भांडी आपटत होती. मग म्हणाली की ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन बघते. मी म्हटलं, बघते काय, राहायचंय. ती म्हणाली, "आधी येऊन बघते, लॉनी."

ठीक आहे. बघू दे. एकदा त्या पाण्यात हात घातला की जाणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

दारं-खिडक्या उघड्या टाकून बाहेर बसून लिहितोय.

गेल्या आठवड्यात अल्सीडकडं बसलो असताना मी गीझरचं रडगाणं गात होतो. त्याचं काम असं की तेलाच्या विहिरीच्या पाइपात खाली कुठं क्षार साचला, विहीर बुजत आली, की हे लोक वरून ॲसिड सोडतात. क्षार खाऊन टाकतं, विहीर पुन्हा वाहायला लागते. मैल-दीड मैल खोल विहिरी. तो म्हणाला, मी एवढाल्या विहिरी साफ करतो आणि तू बादलीएवढ्या गीझरपुढं रडतोस. पाइपाला काही होत नाही का, मी विचारलं. तर म्हणे त्यात असं औषध घातलेलं असतं की ते क्षार खातं पण पोलादाला शिवत नाही. मला ते इतकं पटलं की मी रात्री नीट झोपलो.

आज सकाळी त्यानं नळीत उरलेलं गॅलनभर आणलं. त्यात पाणी घातलं, हातमोजे, चष्मे, सगळं रीतसर. गीझरचं बाहेरचं झाकण उघडलं आणि नरसाळ्यानं आत सोडलं. फसफस सुरू झाली. अल्सीड कान लावून म्हणाला, ऐक, क्षार रडतोय. आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसलो.

फसफस थांबेना. क्षार किती असेल, थोड्या वेळात संपायला हवा होता. उलट आवाज वाढला. मी हात लावला तर टाकी चटका बसेल इतकी तापलेली, आणि गॅस तर बंद होता. मग घसा धरणारा वास यायला लागला. अल्सीड उठला, चाकूनं टाकीच्या खांद्यावरचा रंग खरवडला. खाली धातू चमकत होता, मऊ, चंदेरी. चाकूची रेघ उमटली त्यावर. त्याचा चेहरा बघवेना.

"पोरा," तो म्हणाला, "ही पोलादाची नाही."

ॲल्युमिनियमची. आमच्याकडं सगळं पोलादाचं, पाइप, टाक्या, टँकर, कुणाला कधी विचारायची पाळी येत नाही. ॲल्युमिनियम म्हणजे थंड पेयाचा डबा, एवढंच आम्हाला ठाऊक. तेवढ्यात खालून पहिली धार लागली. मग शिवणीतून. मग एकदम तळच गेला आणि सगळं ट्रेलरच्या आत, पलंगाखाली, जिथं ओपलचा पाळणा ठेवायला मी जागा करून ठेवली होती तिथं.

होलिस धावत आला ते खांद्यावर सोड्याचं पोतं घेऊनच. पोतं फोडून सगळीकडं ओतलं, आम्हाला दोघांना कॉलर धरून वाऱ्याच्या बाजूला ढकललं, नळीनं पाणी मारलं. मग शिव्या दिल्या. टेक्ससच्या शिव्या लांबलचक असतात, त्याच्या तर गाईंच्या दोन पिढ्या मागं जाऊन येतात. शेवटी म्हणाला, पोर आत असती म्हणजे? माझ्याही मनात दुसरं काही नव्हतं.

४ ऑगस्ट, सोमवार

पलंगाखालची लाकडी जमीन फुगलीय. पाय ठेवला की पावासारखी दबते. चामडी जोडे तिथं होते, ते गेले. गरम पाणी नाही, गार पाणीही बंद करून ठेवलंय, कारण पाइप कुठं कुठं खाल्लेत कोण जाणे. अल्सीडकडं आंघोळ केली. तो तोंड लपवत फिरतोय.

रेनाला काय सांगू. रविवारी निघणार होती.

६ ऑगस्ट, बुधवार

सांगितलं. आधी ती हसली. मी ॲसिड म्हटल्यावर हसली, अल्सीड कान लावून बसला होता म्हटल्यावर इतकी हसली की मलाही हसू आलं. किती दिवसांनी असं हसली. मग मी म्हटलं की या वेळी नाही जमलं, पण महिन्याभरात नवी टाकी, नवे पाइप, आणि बोअरच्या तोंडाशीच बसतं असं मोठं यंत्र. ती हसायची थांबली.

मग म्हणाली की ओपलचे चट्टे गेलेले नाहीत.

मी म्हटलं, म्हणजे? ती म्हणाली, घरी आल्यावरही गेले नाहीत, मे महिन्यात डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला जन्मजात नाजूक कातडी आहे, काही पोरांना असते, मोठी होईल तशी कमी होईल. मलम दिलंय. पाण्यानं थोडं वाढतं, पण पाण्यानं झालेलं नाही. आणि पाणी इथलं तरी कुठं चांगलं आहे, तुझ्या आईकडच्या पाण्याला गंजाचा वास येतो, टब नारिंगी होतो, हे तू विसरलास का.

मी म्हटलं, मे महिन्यापासून ठाऊक होतं? मी इथं मिठाची पोती उचलतोय, स्वतःचं घर ॲसिडनं जाळलं, आणि तुला ठाऊक होतं? का नाही सांगितलंस?

"तू पाण्याशी भांडत होतास," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्याशी भांडण्यापेक्षा बरं."

मी म्हटलं, तुझ्याशी कशाला भांडलो असतो. तेव्हा तिनं सांगितलं. शांतपणे सांगितलं, रडली नाही. ओपलला ती जी कणकण आली होती, ती कणकण नव्हती. दुपारी अंग भट्टीसारखं तापलं आणि पोरीनं डोळे फिरवले, हातपाय ताठ केले. मला फोन लागेना. अल्सीड कामावर. सगळा तळ रिकामा, सगळ्यांच्या गाड्या गेलेल्या. ती पोरीला ओल्या टॉवेलात गुंडाळून धुळीच्या वाऱ्यात होलिसच्या ऑफिसपर्यंत पळत गेली. होलिसनं हातातला घास टाकला आणि त्यांना पेकोसच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत थांबला, परत आणून सोडलं. रेनानंच त्याला सांगितलं, लॉनीला बोलू नका, उद्यापासून त्याचं कामात लक्ष लागणार नाही.

"त्या दारातून बाहेर पडलं की चालत जाता येईल अशी एक जागा नव्हती, लॉनी. तू रोज विचारायचास, काही लागलं का. मला काय लागत होतं ते तू चालवत घेऊन जायचास."

फोन कुणी ठेवला आठवत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

चार दिवस फोन केला नाही. राग आहे मला. सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. मी तरी का कामावर जात होतो, स्वतःच्या चैनीसाठी? ट्रक नेला नाही तर पगार कुठून? असं मी टँकर चालवता चालवता मोठ्यानं बोलत होतो. ऐकायला मागं सगळं खारं पाणी.

होलिसला जाऊन विचारलं. तो नळाचा वायसर बदलत होता. मान वर न करता म्हणाला, हो, नेलं होतं. मी म्हटलं, सांगायला काय झालं होतं. म्हणाला, बाईनं सांगू नको म्हटलं तर मी सांगत नाही. मग थोड्या वेळानं, "माझीही इथं राहिली होती, तीन वर्षं. मग गेली. मला वाटायचं उन्हामुळं."

कोण, हे विचारायची गरज पडली नाही. मी त्याला पाना धरून दिला.

१७ ऑगस्ट, रविवार

अल्सीडनं भंगारवाल्याकडून दुसरा गीझर शोधून आणला. घेण्याआधी भंगारातच चाकूनं खरवडून बघितला. पोलादाचा. त्यानं पैसे घेतले नाहीत, मीही आग्रह केला नाही. दोघांनी मिळून जमीन उखडली, नवी फळी ठोकली, पाइप बदलले. मिठाची सगळी तालीम रीतसर केली, नळी काढून. आणि पाणी मऊ झालं. पट्टीवर पहिला रंग.

आंघोळ केली. साबणाला इतका फेस की डोळ्यांपुढं दिसेना. आणि तो निघेचना. पाणी ओतलं, ओतलं, तरी अंग बुळबुळीत, सापासारखं. अल्सीड म्हणाला, मऊ पाणी असंच असतं, साबण निघालेला असतो, तुला कळत नाही. मी म्हटलं, मग काय उपयोग. इतके दिवस साबण लागत नाही म्हणून बोंबलत होतो, आता निघत नाही म्हणून.

त्यानं भात केला, वर गंबो, त्यांच्याकडची दाट आमटी. भात पांढरा झाला, मोकळा. तो खूश. मला सांगायला कुणी नव्हतं म्हणून फोन केला. ओपलनं फोनमध्ये काहीतरी बडबड केली. रेना म्हणाली, छान झालं, तुझे हाल कमी होतील. तुझे म्हणाली. आपले नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

आज मीच विषय काढला. पाण्याबद्दल एक शब्द बोललो नाही. मी म्हटलं, तिकीट काढतो, ये. ती म्हणाली, तिकीट नको. व्हर्लिन काका त्यांची गाडी विकतायत, जुनी आहे पण इंजिन चांगलं आहे, काकांनी फक्त चर्चला जायला वापरलीय. ती घ्यायची आहे, दोन हजार आठशे सांगतायत. माझ्या नावावर, तुझ्या नाही.

मी म्हटलं, इथं आल्यावर घेऊ की, इथं गाड्या स्वस्त आहेत, आठवड्याला कुणी ना कुणी काम सोडून जातं. ती म्हणाली, "नाही. मला तिथं गाडी असलेली बाई म्हणून यायचंय, तू आणलेली म्हणून नाही."

मी विचारलं, म्हणजे गाडी घेतली तर येशील. ती म्हणाली, गाडी आली की सांगते. मी म्हटलं, हे काय उत्तर झालं. ती म्हणाली, खरं आहे तेवढं दिलं.

अल्सीडला सांगितलं. तो बराच वेळ भांडं पुसत होता. म्हणाला, गाडी असली की माणूस येऊ शकतं. जाऊही शकतं. मी म्हटलं, जायला तिला गाडी लागली नव्हती. तो म्हणाला, तेव्हा तिचा बाप न्यायला आला होता ना? तेराशे मैल? ती स्वतः कुठं गेली अजून.

साठवलेले पैसे बोअरच्या तोंडाशी बसवायच्या त्या मोठ्या यंत्रासाठी आहेत. होलिस निम्मा खर्च उचलायला तयार झालाय, त्यानं हे आपण होऊन सांगितलं, हे एक आश्चर्य. सगळ्या तळाला मऊ पाणी. इतकं सगळं जुळून आल्यावर ती म्हणते गाडी.

काय करावं कळत नाही. पैसे नाही पाठवले तर ती येणार नाही हे नक्की. पाठवले तर काहीच नक्की नाही. कुणी आठवीपर्यंत शिकलेल्या माणसाला असली गणितं घालू नयेत.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

रांगेत आज माझ्यापुढं कुणी नव्हतं. लवकर सुटलो. सरळ पेकोसला गेलो, त्या दवाखान्यासमोर गाडी लावली आणि बसलो. तळापासून किती लांब आहे ते कधी नीट बघितलं नव्हतं. रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना तेलाचे पंप डोकं हलवत उभे असतात, मधे एकही झाड नाही. होलिस त्या दिवशी किती जोरात गेला असेल. रेना मागं बसली असेल का पुढं. पोरगी मांडीवर ताठ.

तिथून पैसे पाठवायच्या खिडकीवर गेलो. आतल्या मुलीनं विचारलं, कशासाठी लिहू. मी म्हटलं, गाडी. ती म्हणाली, कुणाची. मी म्हटलं, जिला पाठवतोय तिची.

होलिसला सांगायचंय अजून, यंत्र पुढच्या वर्षी. रेनाला फोन करून सांगितलं की पैसे आले की काकांना दे, कागद तुझ्या एकटीच्या नावावर कर, माझं नाव घालू नको. तिनं एवढंच विचारलं, आज जेवलास का. येणार का, कधी येणार, मी काही विचारलं नाही. फार जड गेलं, पण नाही विचारलं.

पावती वहीत ठेवलीय: रेना टॅकेट हिच्या नावे, दोन हजार आठशे डॉलर.